अमृतला पसंत पडेल असा घोडा

नाथाजी जगदाळ्यांना घोडा घ्यायचा आहे ही बातमी कराडच्या त्यांच्या सोसायटीत त्यांच्या बायकोच्या आधी वॉचमनला कळली. याला कारण अमृत. अमृत कोळेकर हा नाथाजींचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं बसस्थानकामागं चष्म्याचं दुकान होतं, आणि डोळे तपासताना गिऱ्हाईक हलू नये म्हणून त्याला काहीतरी सांगत राहायची त्याची सवय होती. त्या सकाळी गिऱ्हाईक वॉचमन होता.

तसा घोडा हा काही नाथाजींच्या घराण्यातला विषय नव्हे. त्यांची सगळी नोकरी कोयनानगरच्या वीज प्रकल्पात गेली. तिथं जमीनच अधूनमधून हलायची, त्यामुळं हलणाऱ्या वस्तूवर मुद्दाम जाऊन बसायची हौस त्यांना कधी नव्हती. पण ते निवृत्त होऊन कराडला आले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात अमृत म्हणाला, "नाथा, गावाबाहेर एका पोरानं घोड्यावर बसायचं शिकवायला काढलंय. चल, बघून तरी येऊ." बघायला गेलेले दोघं डोक्यावर हेल्मेट आणि मांडीला तेल लावून परत आले.

त्या पोराचं नाव जयराज. त्याच्याकडं पत्र्याची एक शेड, दोन घोडे आणि घोड्यांपेक्षा मोठा एक बोर्ड होता. पावसाळाभर दोघं त्याच्याकडं शिकले. शिकले म्हणजे, घोडा थांबला की हेही थांबत आणि घोडा चालला की हेही चालत. यात नेमकं कोण कुणाचं ऐकतंय हे जयराजनं सभ्यपणे कधी विचारलं नाही.

गणपती उठले आणि अमृतनं नवी टूम काढली.

"शिकाऊ घोड्यावर किती दिस बसायचं, गड्या? आपला घोडा घेऊ. दोघांत मिळून एक."

"दोघांत एक? मग बसायचं कोण?"

"आलटून पालटून. एक बसंल, दुसरा हसंल."

जयराजला विचारलं तर तो म्हणाला, "काका, पहिला घोडा घेताना तीन गोष्टी बघायच्या. वयस्कर पाहिजे, मवाळ पाहिजे, आणि दिसायला बेताचा पाहिजे. देखणा घोडा लोक बघत बसतात, अन् लोक बघायला लागले की तुम्ही पडता."

नाथाजींनी ही कसोटी रात्री जेवताना बायकोला सांगितली. राजेश्वरीबाईंनी आमटी वाढता वाढता त्यांच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "वयस्कर, मवाळ आणि दिसायला बेताचा. घरात आहे की एक. दुसरा कशाला आणायचा?"

नाथाजींनी आमटी संपवली. पण त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही, यावरून त्यांच्या मनाला किती लागलं असेल याची कल्पना यावी.

यानंतर सोसायटीची सभा. सेक्रेटरी नानासो यांनी नियमावली पुढून मागून वाचून काढली. "कुत्रं हाय, मांजर हाय, पोपट हाय. घोडा न्हाई." नाथाजींनी मुद्दा मांडला की घोडा हे वाहन धरावं, आपली पार्किंगची जागा मोकळीच आहे. नानासोंना ते पटलं, पण मग वाहनाला सोसायटीचं स्टिकर लागतं. ते घोड्याला कुठं चिकटवायचं यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि ज्यांनी आयुष्यात घोडा जवळून पाहिला नव्हता त्यांनी त्यात सर्वात जास्त भाग घेतला. समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त सुभेदार म्हणाले, "घोडा घ्या, पण त्याच्या मागं कवा उभं राहू नका. आमच्या पलटणीत सांगायचे." त्यांची सगळी नोकरी बिनतारी संदेशाच्या खोलीत गेली होती, पण पलटणीचं नाव निघाल्यावर प्रश्न विचारायची पद्धत आमच्याकडं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी घोडा कढीलिंब खातो का असं विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. ठराव पुढच्या सभेवर गेला.

सरकारी बाजू पक्की करावी म्हणून नाथाजी एका कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं विचारलं, "टांगा हाय का?"

"नाही."

"मग घोडा कशाला?"

या प्रश्नाला उत्तर असतं तर नाथाजींनी ते आधी घरीच दिलं असतं. कारकून म्हणाला, घोडा दाखवा, मग परवानगीचं बघू. नाथाजी म्हणाले, परवानगी असेल तर घोडा आणतो. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, दोघंही वयानं थकलेले होते, आणि विषय तिथंच मिटला. शेवटी जयराजच म्हणाला, "काका, माझ्या शेडमध्ये बांधा की." इतकी साधी गोष्ट आधी कुणाला का सुचली नाही, याचा राग नाथाजींना बरेच दिवस पुरला.

आता फक्त घोडा बाकी होता.

दर रविवारी अमृत दुकान बंद ठेवायचा. सकाळी नाथाजी त्यांची जुनी गाडी त्याच्या दारात उभी करायचे, आतून शालूवहिनी, म्हणजे अमृतची बायको, डबा आणि पाण्याची बाटली आणून द्यायच्या, आणि दोघं निघायचे.

पहिली फेरी आटपाडीकडं झाली. अमृतचं मूळ गाव त्याच भागातलं. त्याचा आजा मेंढरं घेऊन हिंडायचा, बिऱ्हाड घोडीवर असायचं, आणि एवढ्या भांडवलावर अमृत स्वतःला घोड्यांचा जन्मजात पारखी समजायचा. तिथं भाऊसो नावाच्या मेंढपाळाचं एक बुटकं तट्टू विकायचं होतं. भाऊसोंची पोरं आता डाळिंब लावत होती, मेंढरं निम्मी झाली होती.

"लय गरीब हाय बघा," भाऊसो म्हणाले. "पाठीवर कोंबड्या बांधल्या तरी हूं न्हाई की चूं न्हाई."

नाथाजींना कोंबड्यांच्या पंक्तीत बसणं फारसं आवडलं नाही, तरी ते बसले. तट्टू शांतपणे उभं होतं. तेवढ्यात बाजूनं कुणाचा तरी मेंढरांचा कळप निघाला, आणि तट्टूही निघालं. जन्मभर ते मेंढरांमागं चाललं होतं, त्याला वाटलं बिऱ्हाड हललं. नाथाजींनी लगाम ओढला, जयराजनं शिकवलेले सगळे आवाज काढले, शेवटी हात जोडले. कळप ओढा ओलांडून पलीकडच्या माळाला गेला आणि त्याच्या शेपटाला हेल्मेट घातलेले नाथाजी. त्यांना भाऊसोंच्या पोरानं मोटारसायकलवरून परत आणलं, तट्टू मागून दाव्यानं आलं.

अमृत तोवर बाभळीखाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. मग तो उठला, दुकानातली छोटी बॅटरी काढून त्यानं तट्टाच्या दोन्ही डोळ्यांत उजेड टाकला आणि गंभीरपणे म्हणाला, "डाव्या डोळ्याला नंबर हाय. नको."

भाऊसोंनी जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, खर्डा, दूध. अमृतनं अर्धी भाकरी तशीच ठेवली. एवढं हसल्यावर भूक मरते, असं नाथाजींना वाटलं.

पुढची फेरी रहिमतपूरकडं. तिथल्या बँडवाल्याचा वरातीचा पांढरा घोडा होता. वयस्कर, मवाळ, दिसायला मात्र देखणा. नाथाजी वर बसले आणि घोडा सरळ शेताच्या कडेनं चालायला लागला. सगळं व्यवस्थित चाललं होतं. इतक्यात बँडवाल्याच्या खिशातला फोन वाजला, आणि त्याच्या फोनला सनई-चौघडा लावलेला होता. घोड्यानं पुढचे दोन्ही पाय उचलले आणि तो नाचायला लागला. बँडवाल्याला फोन सापडेपर्यंत नाथाजींची वरात बांधावरून निघाली होती. उसात काम करणाऱ्या बायका कोयते टाकून पाहायला आल्या. एकीनं विचारलं, "नवरा लय म्हातारा हाय की, पोरगी कुटली?"

अमृतचा निकाल: "मागचं डावं खूर जरा आत वळतंय. नको."

असे किती रविवार गेले याची मोजदाद नाथाजींनी ठेवली नाही. एक घोडा अमृतला फार गोरा वाटला. एकाचे कान एकमेकांशी बोलत नाहीत असं त्याचं म्हणणं. एका घोडीबद्दल तो म्हणाला, "हिचा चेहरा माझ्या मावशीसारखा हाय. तिच्यावर मी कसा बसू?" परतीच्या वाटेवर कुठंतरी झाडाखाली गाडी थांबायची, डबा उघडायचा, आणि अमृत शाळेतल्या मास्तरांच्या नकला करायचा. कधीकधी तो मागच्या सीटवर आडवा होऊन झोपून जायचा. घोडेस्वारीनं त्याचं सुटलेलं पोटही गेलं होतं. पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवी भोकं पाडली होती. नाथाजींना त्याचा हेवाच वाटे. "आरं, बसतो मी जास्त, पडतो मी जास्त, अन् बारीक तू होतोस?" असं ते एकदा चिडून म्हणालेही. अमृत म्हणाला, "तू भात सोड."

मग संक्रांतीच्या सुमाराला विट्याकडची ती घोडी आली.

शंभूराज नावाचा पोरगा सैन्यात होता, बदली लांब झाली होती, आणि घरात घोडी सांभाळायला कुणी नव्हतं. तांबूस रंग, चांगली पोक्त, डोळ्यांत समजूत. नाथाजी वर बसले तेव्हा ती थोडी वाकडी होऊन उभी राहिली, म्हातारं माणूस बसताना आपण खुर्ची धरतो तशी. चालली, थांबली, वळली. मेंढरं गेली तरी ढिम्म. शंभूराजनं मुद्दाम मोठ्यानं फोन वाजवून दाखवला, तरी ढिम्म. एकदा नाथाजी एका बाजूला कलले तर तिनंच खांदा हलवून त्यांना मधोमध केलं. साठी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, नाथाजींना आपण घोड्यावर बसलेले चांगले दिसत असू असं वाटलं.

अमृत घोडीजवळ गेला. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच उभा राहिला. बॅटरी काढलीच नाही.

"काय म्हणतोस?" नाथाजींनी वरूनच विचारलं.

"नको."

"का?"

"लय चांगली हाय, नाथा. इतकं चांगलं जनावर कुणी विकतं का? कायतरी गोम असणार."

नाथाजी खाली उतरले. उतरले म्हणजे घसरले, पण त्या वेळी त्यांना त्याची लाज वाटली नाही इतके ते तापले होते. शंभूराजच्या देखत ते बोलले, "अमृत, तुला घोडा घ्यायचाच न्हाई! नुसतं मला गावोगाव फिरवतोस अन् लोकांपुढं माझं माकड करतोस. चार महिने झाले. पेट्रोल माझं, पडायचं मी, अन् तू बॅटरी घेऊन डोळे बघतोस. तुझ्या आज्यानं घोडी पाळली म्हणून तू काय अश्वपती झालास व्हय?"

अमृतनं घोडीच्या कपाळावरचा हात काढला. या वेळी तो हसला नाही. "चल, जाऊ घरी," एवढंच म्हणाला. वाटेत चहाला थांबले तर त्यानं कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही. कराड आलं. उतरताना तो म्हणाला, "पुढच्या रविवारी खटावकडं एक बघायचाय." नाथाजी म्हणाले, "तूच जा."

पुढच्या रविवारी नाथाजी गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आपला मान दुखावला आहे हे समोरच्याला कळायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यावा, असा त्यांचा हिशेब होता. तिसऱ्या आठवड्यात वॉचमननंच त्यांना जिन्यात थांबवून विचारलं, "काका, कोळेकरकाकांचं दुकान बंदच दिसतंय. दवाखान्यात हाईत म्हणं?"

नाथाजी पायातल्या घरातल्या चपलांनिशीच दवाखान्यात गेले. खाटेवर अमृत होता तो पांघरुणाखाली जवळजवळ दिसतच नव्हता. शालूवहिनी उठून बाहेर गेल्या. नाथाजी स्टूल ओढून बसले, तेव्हा अमृतनंच विचारलं.

"घेतलीस का ती घोडी?"

"न्हाई."

"का रं?"

"तुला पसंत न्हवती ना."

अमृतनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "मला ती लय पसंत होती, गड्या."

नाथाजी म्हणाले, "मग असं का केलंस?" पण तोवर त्याला गुंगी आली होती. नाथाजी त्याचा हात धरून बसले. हात इतका हलका लागला की तो धरलाय की नाही हे त्यांना पुन्हापुन्हा बघावं लागलं. चार दिवसांनी अमृत गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर शालूवहिनी स्वतः नाथाजींच्या घरी आल्या. राजेश्वरीबाईंनी पाणी दिलं. वहिनींनी पेला तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "भावजी, त्यांना गणपतीतच कळलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, फार दिवस नाहीत."

नाथाजी खुर्चीत पुढं सरकले.

"मला म्हणाले, नाथाला बोलायचं न्हाई. त्याला कळलं की तो रविवारी मला पुण्याच्या दवाखान्यात घेऊन जाणार. मला रविवारी घोडे बघायचेत." वहिनींनी पेला थोडा बाजूला सरकवला. "मी म्हणायची, आवं, एक घेऊन टाका की, चार दिवस बसाल तरी. तर म्हणायचे, घेतला की झालं. मग नाथा घोड्यावर बसणार, अन् मी घरात. बघायचं चाललंय तोवर आमी दोघं हिंडतोय."

नाथाजींना पहिल्यांदा आला तो राग. पाण्यावर फिरणाऱ्या यंत्राच्या नुसत्या आवाजावरून कुठला भाग झिजलाय हे सांगणारा आपण माणूस, आणि शेजारच्या सीटवर आपला मित्र झिजत होता तर आपण त्याला घोड्यावर न बसता बारीक झाला म्हणून बोललो. वहिनींना ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं, आपल्यालाच नव्हतं. ते उठून बाल्कनीत गेले. खाली वाहनांच्या रांगेत त्यांची पार्किंगची जागा मोकळी होती. ते इतका वेळ आत आले नाहीत, की शेवटी राजेश्वरीबाई बाहेर गेल्या आणि त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या.

नाथाजींनी शंभूराजला फोन केला. घोडी केव्हाच गेली होती. एका कुटुंबानं लहान मुलीसाठी नेली. "लय रुळलीय तिथं," शंभूराज म्हणाला. नाथाजी म्हणाले, "चांगलं झालं," आणि फोन ठेवून दिला.

घोड्याचा विषय तिथं संपायला हवा होता. पण एके दिवशी जयराजचा फोन आला, माण तालुक्यात तानुबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिनं मेंढरं विकली, घोडी राहिली आहे. नाथाजी नाही म्हणणार तोच राजेश्वरीबाईंनी फोन हातातून घेतला. "येतील ते," म्हणाल्या. आणि हे कळल्यावर शालूवहिनी म्हणाल्या, "भावजी, मीही येते. बघू तरी, रविवारी तुम्ही दोघं काय करत होता."

तिघं गेली. पुढच्या सीटवर शालूवहिनी बसल्या. सगळा रस्ता त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

तानुबाईची घोडी पांढुरकी होती, पाठीवर ओझ्याचे जुने वळ होते. नाथाजी वर बसले. ती चालली, वळली, थांबली. काही फार चांगलं झालं नाही, काही वाईटही झालं नाही. ते खाली उतरले आणि उभे राहिले.  राजेश्वरीबाई नाथाजींकडं बघत होत्या, वहिनी घोडीकडं बघत होत्या, आणि सगळे कशाची तरी वाट बघत होते.

तानुबाई जराशी घाबरली. "काय खोट हाय का, दादा? असंल तर बोला. माझ्या ध्यानात आली नसंल."

नाथाजींनी घोडीचे कान पाहिले, खुरं पाहिली, डोळे पाहिले. शोधलं असतं तर काहीतरी सापडलं असतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग कसंबसं म्हणाले, "न्हाई, आजी. काय खोट न्हाई."

शालूवहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

घोडी कराडला, जयराजच्या शेडमध्ये आली. सोसायटीत पुढच्या सभेत ठराव मांडायचं नानासोंनी आपणहून टाळलं. समोरचे सुभेदार रोज एक गाजर पाठवायला लागले. जयराजनं जीन बांधून दिलं, पाय ठेवायच्या रिकिबी नाथाजींच्या मापाच्या केल्या.

रविवार आला. नाथाजी सवयीनं लवकर उठले, कपडे करून गाडीची किल्ली हातात घेतली आणि दारात थांबले. आज कुठं जायचं नव्हतं. घोडा मिळाला होता. त्यांनी किल्ली परत खुंटीला लावली आणि चालत शेडवर गेले.

घोडीला घेऊन ते नदीच्या कडेच्या रस्त्यानं निघाले. वर बसले नाहीत. दावं हातात धरून तिच्या बाजूनं चालत राहिले. तिला वाटेत गवत दिसलं की ती थांबे, मग तेही थांबत. फिरायला आलेल्या एका ओळखीच्या माणसानं हाक मारली, "नाथाजी, एवढ्या हौसेनं घोडी घेतलीत, अन् पायी चाललाय? बसा की वर!"

नाथाजींनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. त्यांना हसायचं होतं, ते नीट जमलं नाही.

"वर एकाच माणसाची जागा असते हो," ते म्हणाले. "असं बाजूनं चाललं म्हणजे बरोबर कुणीतरी आहे असं वाटतं."

तो माणूस वाट सोडून बाजूला झाला. घोडीनं गवताचा शेवटचा घास ओढला, आणि ती दोघं पुढं निघाली.